इंजिनकाम झाल्यावरही गाडी तापतेय? हेड परत उतरवायच्या आधी हे बघून घ्या

गाडीच्या हेडचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं, काम होऊन चौथा दिवस होता. मे महिना; सकाळी नऊलाच ऊन कानशिलं भाजत होतं. आई मागच्या सीटवर ओटीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. तुळजापूरचा घाट चढायला लागलो आणि सोलापूरपासून मधोमध गुमान बसलेला काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला. एसी बंद केला, गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, तर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यातून बुडबुड आवाज आणि टोपणाच्या कडेने वाफ. देवीचं दर्शन त्या दिवशी एसटीने झालं.

गॅरेजला फोन केला तर उत्तर तयारच होतं. "पॅकिंग परत गेलं असणार. आणून लावा, हेड उतरवून बघू." पॅकिंग म्हणजे हेड आणि त्याखालचा ब्लॉक (इंजिनचं मुख्य धूड) यांच्या मधलं गॅस्केट. म्हणजे पुन्हा आठ दिवस गाडी बंद आणि पुन्हा खर्च.

संध्याकाळी शेजारचे काका आले. उभी हयात एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढलेला माणूस. त्यांनी बॉनेटमध्ये डोकावलं आणि एकच वाक्य टाकलं, "डोकं उतरवायच्या आधी टोपी तर बघ की रे." रेडिएटरची टोपी, म्हणजे कॅप, दुसऱ्याच गाडीची निघाली. शिवाय सिस्टीममध्ये दीडेक लिटर जागा नुसत्या हवेने भरलेली होती. हेडला काहीही झालं नव्हतं.

इंजिनकामानंतर गाडी तापत असेल तर दोष बहुतेक वेळा ज्या भागाला हात लागला तिथेच, आणि तोही किरकोळ, असतो. राहिलेली हवा, न लावलेला प्लग, सैल क्लिप, उलटा बसलेला थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह). म्हणून स्वस्त गोष्टीपासून महागाकडे जायचं, आणि हेड परत उतरवायचं ते हातात पुरावा असेल तरच. खालचा सगळा क्रम याच हिशेबाने लावला आहे.

गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

गाडी आणताना बिलापेक्षा या उत्तरांना जास्त किंमत आहे. काय काय उघडलं होतं? हेडचं फेसिंग (खालची बाजू सपाट करणं) लेथवर केलं का? हेडचे बोल्ट नवे टाकले की जुनेच? थर्मोस्टॅट तोच आहे, बदलला, की काढून टाकला? वॉटर पंप उघडला होता का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, कूलंट किती लिटर बसलं?

हा शेवटचा प्रश्न विचारला की मिस्त्री जरा दचकतो, पण अर्धं निदान त्यातच होतं. गाडीच्या पुस्तकात कूलिंग सिस्टीमची क्षमता दिलेली असते; लहान गाड्यांत साधारण ४ ते ६ लिटर, डिझेलला थोडी जास्त. हेड उतरवून सिस्टीम रिकामी झाली होती, पुस्तक सांगतं ६ लिटर आणि बसलं साडेचार, तर उरलेल्या दीड लिटरचं काय? थोडं जुनं पाणी ब्लॉकच्या तळाशी राहतं, हे खरं. बाकीची जागा हवेची.

सकाळी, इंजिन गार असताना

तपासणी सकाळी सहाला करायची. एक म्हणजे इंजिन रात्रभर पडून गार झालेलं असतं, आणि दुसरं म्हणजे सोलापुरात मे महिन्यात दहानंतर बॉनेटखाली हात घालणं ही शिक्षाच आहे. गरम इंजिनची कॅप उघडायची नाही. फडकं धरून नाही, हळूहळू फिरवूनही नाही. आत दाबाखालचं शंभरच्या वरचं पाणी असतं, दाब सुटला की ते एका क्षणात उकळून तोंडावर येतं. रेडिएटरच्या वरच्या बाजूचा रबरी नळ, म्हणजे वरचा होज पाईप, दाबून बघा. मऊ आणि गार लागला तरच कॅपला हात लावा. दुसरी काळजी फॅनची. काही गाड्यांत चावी काढल्यावरही इंजिन गरम असेल तर तो आपोआप सुरू होतो, त्यामुळे पात्यांजवळ बोटं, ओढणी, मफलर काही नको.

रात्रभर उभ्या गाडीचा वरचा होज सकाळी दगडासारखा कडक लागला, तर ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

आता कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. काहींवर पीएसआयमध्ये १३ किंवा १६ असतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर असल्याने उघड्या भांड्यातलं पाणी इथे ९८-९९ अंशांलाच उकळतं. पण ०.९ बारची कॅप नीट धरत असेल तर तेच पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही, आणि कूलंट मिसळलेलं असेल तर आणखी वर. म्हणजे कॅपचं रबर चिरलेलं असेल किंवा कमी दाबाची कॅप बसवली असेल तर इंजिनमध्ये काहीही बिघाड नसताना पाणी उकळून डब्यात येतं. माझ्या गाडीत नेमकं हेच झालं होतं. कॅप घट्ट बसत होती, पण तिची स्प्रिंगची दांडी आखूड होती, आतलं रबर खालच्या कडेला टेकतच नव्हतं.

कॅपच्या मधोमध एक छोटा व्हॉल्व्ह असतो. इंजिन गार होताना तो उघडतो आणि डब्यातलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. तो नखाने उचलून सोडला की पटकन परत बसला पाहिजे. तो अडकला तर डबा भरलेला दिसतो, रेडिएटर मात्र रिकामा होत जातो, आणि सकाळी होज आत ओढून चपटा झालेला दिसतो. म्हणून रेडिएटरला वेगळी कॅप असेल तर नुसत्या डब्याच्या पातळीवर विश्वास ठेवू नका. कॅप उघडून आत बघा, कूलंट गळ्यापर्यंत हवं.

कॅप संशयास्पद वाटली तर नवीच घ्या. या यादीतली सगळ्यात स्वस्त वस्तू तीच आहे. फक्त जुन्यावरचा आकडा आणि पुस्तकातला आकडा जुळवून घ्या. दुकानदार "हीच बसते" म्हणाला तरी.

त्यानंतर टॉर्च घेऊन हेडला हात लावताना जे जे सुटलं असणार ते बघत जायचं. होजच्या क्लिपा मूळ जागी आहेत का, की पाईपच्या अगदी टोकाला नुसत्या अडकवल्यात? फॅनच्या मागे प्लास्टिकचं आवरण असतं, श्राउड म्हणतात ते, परत लावलं का? रेडिएटरच्या कडेचे फोमचे तुकडे आणि इंजिनखालची प्लास्टिकची पाटी? ही मंडळी शोभेची नाहीत. ती नसतील तर फॅन समोरची गार हवा ओढायच्या ऐवजी बॉनेटमधलीच गरम हवा घोळवत बसतो. "दोन बोल्ट उरले होते, काही बिघडत नाही" हे वाक्य ऐकलंत की समजा, बहुधा तेच बोल्ट.

पाणी कुठलं घातलंय?

आपल्याकडचं बोअरचं पाणी काय करतं हे बघायचं असेल तर घरच्या गीझरची कॉइल काढून बघा. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि हेडच्या पाण्याच्या वाटांत बसतो. काम झाल्यावर गॅरेजच्या नळाचं पाणी भरून "कूलंट नंतर टाका" म्हणायची पद्धत आहे, आणि ते नंतर कधी उगवत नाही. एका उन्हाळ्यापुरतं चाललं असं वाटतं, पण क्षार तर साठतातच, ॲल्युमिनियमचं हेड आणि पंपाची पाती गंजायलाही लागतात.

कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) घेतलं असेल तर बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल वॉटर मिसळा, निम्मं-निम्मं. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी अजिबात नको. सोलापुरात पाणी गोठायची भीती नाही हे खरं, पण कूलंट आपण गंज थांबवायला आणि उकळण्याचा बिंदू वाढवायला घालतो. आणि रंगावर जाऊ नका. हिरवं, लाल, निळं हा कंपनीच्या आवडीचा भाग. दोन वेगळ्या प्रकारची रसायनं मिसळली तर कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. पुस्तकातला प्रकार बघा आणि तोच ठेवा. आधी काय घातलं होतं ते कळत नसेल तर सगळं काढून, डिस्टिल वॉटरने दोनदा धुऊन, मग नवं भरा.

पहिल्या बिघाडात तेल आणि पाणी मिसळलं असेल तर हे धुणं दुप्पट महत्त्वाचं. काम चोख झालं तरी डब्यात तेलाचा तवंग पुढे कितीतरी दिवस दिसत राहतो आणि माणूस उगाच घाबरतो.

एअर काढणे

बऱ्याच गाड्या इथेच बऱ्या होतात, म्हणून घाई करू नका. दीड-दोन तास काढून ठेवा.

हवा वरच्या बाजूला जाते. हेडच्या वरच्या भागात ती अडकली की तिथल्या धातूला पाणी लागत नाही, आणि पंपात अडकली तर पाणी फिरतच नाही. वर आणखी एक घोळ. सेन्सर पाण्यात बुडालेला नसेल तर काटा खोटं सांगतो. कधी उगाच उडी मारतो, कधी इंजिन पेटायला आलं तरी खालीच राहतो.

गाडीचं तोंड वर येईल अशी लावा. आपला मुलूख सपाट, तेव्हा अपार्टमेंटच्या पार्किंगचा उतार बरा. हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना विटा. हिटरचं बटण पूर्ण गरमकडे फिरवा आणि ब्लोअर अगदी हळू ठेवा. गावात कुणी हिटर लावत नसलं तरी आत्ता लावायचा, कारण हिटरच्या जाळीतही हवा अडकते.

बऱ्याच गाड्यांत थर्मोस्टॅटच्या घराजवळ किंवा हिटरच्या पाईपवर हवा सोडायचा छोटा स्क्रू असतो. तो सैल करून कूलंट बारीक धारेने ओता. स्क्रूतून बुडबुडे थांबून अखंड धार आली की स्क्रू हलक्या हाताने कसा. पितळेचा किंवा प्लास्टिकचा असतो, जोर केला की तुटतो. ओतताना वरचा होज हाताने दाबून सोडत राहा. बुडबुड करत हवा वर येते.

मग कॅप उघडी ठेवून इंजिन आयडलवर, म्हणजे रेस न देता, चालू करा. तोंडावर मोठं नरसाळं कापड गुंडाळून घट्ट बसवलं तर सांडत नाही. पहिली दहा-पंधरा मिनिटं छोटे बुडबुडे येतील. मग थर्मोस्टॅट उघडेल आणि पातळी एकदम खाली जाईल, तेवढी भरा. ती उसळून वर यायला लागली तर कॅप लावून मोकळे व्हा. फॅन एकदा चालू होऊन बंद, पुन्हा चालू होऊन बंद झाला, हिटरमधून कडक गरम हवा आली आणि खालचा होजही तापला, की काम झालं. इंजिन बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी थोडी उतरलेली असेल. भरा. तिसऱ्या दिवशी पुन्हा बघा. त्यानंतर ती जागची हलता कामा नये.

ज्या गाड्यांत रेडिएटरला कॅपच नाही, फक्त दाबाचा डबा आहे, तिथे पुस्तकातली पद्धत पाळा. काही इंजिनांत कूलंट व्हॅक्यूम मशीनने भरावं लागतं, आणि तिथे नरसाळं घेऊन कितीही वेळ बसलात तरी हवा पूर्ण निघत नाही.

फॅन

इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत फॅन लगेच सुरू होतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे. सेन्सर किंवा त्याची वायर बघा. एसीवरही फिरत नाही, तर फ्यूज, रिले आणि मोटरचा प्लग. हेड काढताना हा प्लग सुटलेला असतो आणि परत "टक" असा आवाज येईपर्यंत दाबला जात नाही. दोन वेगांचा फॅन असेल आणि फक्त जोरातच फिरत असेल तर रेझिस्टर जळालेला असतो.

एक चाचणी काकांनी शिकवली. फॅन चालू असताना पुढच्या जाळीवर वर्तमानपत्राचं पान धरायचं. ते आत ओढून चिकटलं पाहिजे. बाहेर ढकललं गेलं तर मोटरच्या वायरी उलट जोडल्यात, फॅन उलटा फिरतोय. कनेक्टर जळाला म्हणून वायरी कापून जोडल्या असतील तर हे सहज होतं, आणि वरवर बघताना फॅन फिरताना दिसतो म्हणून कुणाला संशय येत नाही.

नेमकी कधी तापते?

एवढं करूनही काटा चढत असेल तर तो कुठे चढतो ते नोंदवा. सात रस्त्याच्या सिग्नलला उभं असताना तापते आणि पुणे रोडला लागलं की उतरते, तर हवेचा प्रश्न: फॅन, श्राउड, जाळीतला कचरा. शहरात ठीक, पण मोहोळकडे नव्वदने जाताना किंवा घाटात चढते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय: रेडिएटर आतून तुंबलाय, थर्मोस्टॅट अर्धाच उघडतोय, खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतोय, किंवा पंप. सकाळी चालू केल्यापासून पाच-सात मिनिटांतच तापली, तर हवा, बंद राहिलेला थर्मोस्टॅट किंवा खरंच पॅकिंग. इंजिन तापलेलं आणि हिटर मात्र गार फुंकतोय, याचा अर्थ पाणी कमी आहे किंवा फिरत नाही.

या नोंदीसाठी काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध बसवून ठेवलेला असतो. खरं तापमान बरंच वर-खाली झालं तरी तो ढिम्म, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर घेऊन मोबाईलवर आकडा बघा. ८५ ते १०० मध्ये खेळत असेल तर ठीक. १०५ ला सावध व्हा, ११० च्या पुढे जाऊ देऊ नका. तापमानाची बंदूक असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर रोखा. चकचकीत धातूवर ती चुकीचं सांगते.

थर्मोस्टॅट काढून टाकायची आपली खोड

"सोलापूरच्या उन्हात वॉल (म्हणजे थर्मोस्टॅट) कशाला? काढून टाका, गाडी गार राहते." हे मी इतक्या गॅरेजांत ऐकलंय की त्याला गावचा रिवाजच म्हणावं. मला तो अजिबात मान्य नाही. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिनला गरम व्हायला उशीर लागतो, कॉम्प्युटरला ते गारच वाटतं, इंधन जास्त जातं, तेलात गाळ साचतो. हे झालं नेहमीचं. पण काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या मागच्या बाजूची चकती बायपासची वाट बंद करते. तो काढला की ती वाट कायमची उघडी राहते, आणि गरम पाणी रेडिएटरकडे न जाता परत इंजिनमध्येच फिरतं. गार करायला काढलेला भागच गाडी तापवतो.

तपासायला सोपा आहे. टाकाऊ पातेल्यात पाणी घ्या (त्यात परत स्वयंपाक नाही), थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकवा, थर्मामीटर सोडा आणि तापवा. अंगावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि पुढच्या दहा-पंधरा अंशांत नीट उघडला पाहिजे. ८८ चा असेल तर पूर्ण उघडण्याआधीच आपल्या पातेल्यातलं पाणी उकळेल. उघडायला सुरुवात झालेली दिसली तरी पुरे. परत बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे असते आणि हवा जायची छोटी पिन सगळ्यात वर. पिन खाली गेली तर एअर काढायला नाकीनऊ येतात.

हिटरचंही तसंच. हिटरची जाळी गळायला लागली की दोन्ही पाईप कापून त्यांत बोल्ट ठोकून बंद करतात. काही इंजिनांत त्याच वाटेने पाणी फिरत असतं, आणि ती अडवली तर थर्मोस्टॅटपर्यंत गरम पाणी वेळेवर पोचत नाही. जाळी बाद करायचीच असेल तर दोन्ही टोकं एका पाईपने एकमेकांना जोडा, बुचं मारू नका.

रेडिएटर आणि पंप

एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यांजवळ ज्यांच्या गाड्या उभ्या असतात त्यांना तिथे कापसाच्या तंतूंची गोधडी सापडते. ऊस हंगामात ट्रॉल्यांमागून फिरणाऱ्यांना पाचटाचा चुरा. इंजिनच्या बाजूने पुढे, साध्या नळाच्या दाबाने धुवा. वॉशिंग सेंटरची बंदूक जवळून मारली तर पात्या चेपतात. आतून तुंबलाय का ते कळायला, इंजिन तापल्यावर तापमानाची बंदूक रेडिएटरभर फिरवा. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद. जुने पितळी रेडिएटर उघडून सळईने साफ करता यायचे. आताच्या ॲल्युमिनियमला प्लास्टिकच्या टाक्या असतात, ते बदललेलेच बरे.

पंपाखाली एक बारीक भोक असतं. तिथून कूलंटच्या रंगाचा ओघळ दिसला तर सील गेलंय. पट्टा बाहेरचा असेल तर तो चित्राप्रमाणे फिरवलाय का बघा, कारण चुकीच्या पुलीवरून घेतला तर पंप उलटा फिरतो. जोडांना सिलिकॉन पेस्ट थापायची हौस असलेला मिस्त्री असेल, तर आत गेलेले पेस्टचे तुकडे थर्मोस्टॅटमध्ये आणि रेडिएटरच्या तोंडाशी सापडतात.

पाणी कमी होतंय पण खाली डाग नाही, तर प्रेशर टेस्टर लावायला सांगा. हा हातपंप कॅपच्या जागी बसतो. कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंतच हवा भरायची आणि पंधरा मिनिटं काटा बघायचा. उतरला तर गळती आहेच. गाडीत गोडसर वास आणि काचेवर चिकट वाफ येत असेल तर हिटरची जाळी.

खरंच पॅकिंग गेलंय का?

आता तो सकाळचा कडक होज. रात्रभर गार होऊनही दाब राहिला असेल तर सिलेंडरमधला वायू पाण्यात घुसत असल्याची शंका रास्त आहे. एअर काढताना येणारे बुडबुडे हळूहळू थांबतात. वायूचे थांबत नाहीत, रेस दिली की वाढतात. खात्रीसाठी ब्लॉक टेस्टर लागतो. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावातून ओढायची; जळालेला वायू असेल तर द्राव पिवळा होतो. डिझेलच्या धुरात आयडलला कार्बन डायऑक्साइड कमी असतो, त्यामुळे रंग नीट बदलत नाही. तिथे एवढ्यावर निकाल देऊ नका, कॉम्प्रेशन आणि प्रेशर टेस्टही करून घ्या.

तेल दुधाळ चहासारखं झालं, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही पांढरा गोड वासाचा धूर येत राहिला, प्रेशर टेस्टनंतर एखादा स्पार्क प्लग ओला निघाला, यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर हेड उतरवायला हरकत नाही. मात्र पाण्यात तेल आहे पण तेलात पाणी नाही, असं असेल तर आधी ऑइल कूलर तपासा. इंजिन चालू असताना तेलाचा दाब पाण्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे फुटलेल्या कूलरमधून तेल पाण्यात जातं आणि दोष पॅकिंगवर येतो.

आणि उतरवलंच, तर समोर उभं राहा. सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) हेड आणि ब्लॉक दोन्ही मोजायला लावा. लेथवाला हेड मोजतो, ब्लॉक कुणीच मोजत नाही. वाक किती चालतो ते पुस्तकात असतं. बऱ्याच ॲल्युमिनियम हेडना ०.०५ मिलिमीटरच्या आसपास. हेडला चीर आहे का हे पाण्यात दाब देऊन बघता येतं. डिझेलला पॅकिंग जाडीप्रमाणे येतं, जुन्यावरच्या खाचा किंवा भोकं मोजून तसंच घ्यायचं. बोल्टच्या भोकांत तेल-पाणी राहू देऊ नका, नाहीतर टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते दाखवणारा) खोटा आकडा दाखवतो आणि ब्लॉकला चीर जाऊ शकते. अंशांत पिळायचे बोल्ट बहुतेक एकदाच वापरायचे असतात. आवळायचं कंपनीने दिलेल्या क्रमानेच. तो साधारण मधून बाहेर जातो.

रस्त्यावर चाचणी

पहिल्याच दिवशी तुळजापूर नको, ती चूक मी केली. आधी घरापुढे एसी लावून वीस मिनिटं आयडल. मग विजापूर रोड, होटगी रोड अशी गावातली फेरी. मग मोहोळपर्यंत जाऊन येणं. हे तिन्ही नीट झाले की घाट.

वाटेत आकडा चढलाच तर एसी बंद, काचा खाली, हिटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात. मेमध्ये हे करताना जीव नकोसा होतो, पण तो दुसरा छोटा रेडिएटरच असतो. वाफ नसेल, पाणी शाबूत असेल, तर गाडी उभी करून मिनिट-दोन मिनिटं आयडल चालू दिली तरी चालतं. वाफ आली किंवा पाणी सांडलं असेल तर इंजिन तत्काळ बंद. पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनवर किंवा रेडिएटरवर गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो. पूर्ण गार झाल्यावर गरज पडली तर बाटलीबंद पाणी घालून घरी या, आणि नंतर मिश्रण परत नीट करा.

माझी गाडी नवी कॅप आणि दोन वेळा एअर काढल्यावर आईला घेऊन घाट चढली. वर पोचेपर्यंत मोबाईलवर १०१ दिसत होतं, फॅन घुमला, ९३ वर आलं. हजार किलोमीटरनंतर क्लिपा एकदा परत कसल्या, कारण नवा रबर बसला की त्या थोड्या सैल होतात. काढलेलं जुनं कूलंट कॅनमध्ये भरून झाकण लावून गॅरेजला दिलं. ते चवीला गोड आणि जहाल विषारी असतं, आणि आमच्या गल्लीतली कुत्री उन्हाळ्यात दिसेल त्या पाण्याला तोंड लावतात.